मीठ फोडणारे पाणी

कोरडे मीठ विजेला वाट देत नाही. काळजीपूर्वक शुद्ध केलेले पाणीही जवळजवळ देत नाही. पण त्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकले, की बुडवलेल्या दोन तारांमधून प्रवाह सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना या साध्या निरीक्षणाने कित्येक दशके कामाला लावले. विरघळताना मिठाचे नेमके काय होते आणि ते घडवते कोण, वीज की पाणी? या प्रश्नावर मोठमोठी माणसे अडखळली. उत्तर सापडले ते एकाच प्रयोगातून नव्हे. एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या मोजमापांचे आकडे शेजारी ठेवल्यावर ते दिसू लागले.

20 मार्च 1800 रोजी इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टाने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपल्या नव्या विद्युतघटाची माहिती कळवली. जस्त आणि चांदी यांच्या चकत्या एकावर एक रचायच्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालायचे, अशी त्याची रचना होती. ते पत्र छापून यायच्या आधीच विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी लंडनमध्ये तसाच घट उभा केला आणि मे महिन्यात त्याच्या तारा पाण्यात बुडवल्या. एका तारेपाशी हायड्रोजनचे बुडबुडे उठले. दुसरीपाशी ऑक्सिजन येत होता. पाण्याचे विघटन झाले, हे उघड होते. मात्र एका रेणूचे दोन भाग एकाच जागी न सुटता परस्परांपासून दूर, दोन टोकांना कसे काय निघतात, हे कुणालाच सांगता येईना.

पहिले पटण्याजोगे उत्तर वीस वर्षांच्या थिओडोर फॉन ग्रोथसने 1805 साली रोममध्ये प्रसिद्ध केले. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे सरकवतात, तसे पाण्याचे रेणू आपले घटक शेजाऱ्याला देतात आणि पलीकडच्या शेजाऱ्याकडून नवे घेतात, असे त्याचे म्हणणे होते. मोकळे घटक दिसतात ते रांगेच्या दोन टोकांनाच. ही कल्पना इतकी सुटसुटीत होती की पुढची पन्नास वर्षे ती बहुतेकांनी स्वीकारली. तिच्या पोटात एक गृहीतक दडलेले होते. रेणू फुटतो तो विजेच्या ओढीने. वीज नसेल तेव्हा सगळे रेणू अखंड असतात.

मायकेल फॅरेडेने 1834 साली या क्षेत्राला आजची परिभाषा दिली. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलशी सल्लामसलत करून त्याने आयन, धनायन, ऋणायन, इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलाइट हे शब्द रूढ केले. त्याचे नियमही काटेकोर होते. जेवढी वीज वाहील, त्याच प्रमाणात पदार्थ सुटा होतो. पण फॅरेडेच्या लेखी आयन हे प्रवाहाच्या अमलाखाली वेगळे होणारे घटक होते. मिठाचे पाणी नुसते पेल्यात ठेवले असताना त्यात आयन मोकळे फिरत असतील, असे त्याने मानले नाही.

या गृहीतकाला पहिला तडा 1857 साली गेला. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लाउसियसने एक सरळ युक्तिवाद मांडला. रेणू फोडायला वीज लागत असेल, तर ठरावीक जोराखाली काहीच घडू नये आणि त्या मर्यादेपलीकडे एकदम भरपूर रेणू फुटावेत. प्रत्यक्षात मात्र अगदी क्षीण विद्युतदाब दिला तरी द्रावणातून तेवढाच क्षीण प्रवाह वाहतो. उंबरठा असा कुठे लागतच नाही. म्हणजे वीज येण्याआधीच तिथे काही मोकळे आयन असले पाहिजेत. क्लाउसियसने ते फारच थोडे मानले. रेणूंच्या आपापसातल्या धडकांत एखादा फुटतो आणि पुन्हा जुळतो, एवढ्यावर तो थांबला.

दरम्यान मोजमापे पुढे सरकत होती. म्युन्स्टरला योहान हिटॉर्फने 1853 ते 1859 या काळात दाखवून दिले की दोन्ही प्रकारचे आयन सारख्या वेगाने चालत नाहीत. दोन्ही अग्रांपाशी, म्हणजे इलेक्ट्रोडांपाशी, द्रावणाची संहती वेगवेगळ्या प्रमाणात घटते. फ्रीडरिश कोलराउशने द्रावणाची वाहकता मोजण्यासाठी उलटसुलट वाहणारा प्रवाह वापरला, म्हणजे अग्रांवर वायूंचे थर साचून मापन बिघडत नाही. पुढे त्याने मापनमंडलाचा तोल साधल्याची खूण म्हणून टेलिफोन कानाला लावला. आवाज मावळला की आकडा नोंदवायचा. 1870 च्या दशकातल्या या आकड्यांतून एक लक्षणीय नियम पुढे आला. अतिविरल द्रावणात प्रत्येक आयन जोडीदार कोण आहे याची पर्वा न करता स्वतःचा असा वाटा वाहून नेतो. पोटॅशियमचा वाटा क्लोराइडसोबत जेवढा, तेवढाच नायट्रेटसोबत. जोडीदाराचा परिणामच होत नसेल, तर ती जोडी जोडी म्हणून उरली आहे का, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता.

स्वान्ते अऱ्हेनियसचा जन्म 19 फेब्रुवारी 1859 रोजी स्वीडनमधल्या उप्सालाजवळ झाला. वडील जमिनीची मोजणी करणारे भूमापक. उप्साला विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते पेर तेओदोर क्लीव्ह, होल्मियम आणि थुलियम या मूलद्रव्यांचा 1879 साली शोध लावणारे नामवंत संशोधक. पण अऱ्हेनियसला हवे तसे भौतिकशास्त्राचे काम तिथे मिळेना. 1881 साली तो स्टॉकहोमला विज्ञान अकादमीत एरिक एडलुंडच्या हाताखाली गेला आणि अतिविरल द्रावणांची वाहकता मोजू लागला.

त्याला आढळले ते असे. द्रावण जितके पातळ करावे, तितकी त्यातल्या ठरावीक मात्रेच्या पदार्थाची वाहकता वाढत जाते. पदार्थ तेवढाच आहे, मग वीज नेणारे नवे कण आले कुठून? पाणी वाढले की अखंड रेणूंपैकी आणखी काही वीज वाहून नेण्याच्या स्थितीत येतात, हा निष्कर्ष त्याला 17 मेच्या रात्री सुचला, अशी त्याचीच आठवण आहे. ते साल होते 1883. डॉक्टरेटच्या प्रबंधात त्याने रेणूंचे सक्रिय आणि निष्क्रिय असे दोन भाग पाडले. सक्रिय रेणू म्हणजे सुटे झालेले आयन, हे मात्र त्यात थेट म्हटले नाही. तरीही एक धीट विधान त्यात होते. जे आम्ल वीज चांगली वाहते तेच रासायनिक क्रियेतही प्रबळ असते, कारण दोन्हींचे मूळ त्या सक्रिय भागातच आहे.

अऱ्हेनियसने क्लीव्हला ही कल्पना सांगितली, तेव्हा क्लीव्ह ‘फारच रोचक आहे’ एवढेच म्हणाला आणि संभाषण तिथेच संपले, असे अऱ्हेनियसने पुढे सांगितले आहे. मे 1884 मध्ये उप्सालात फ्रेंचमध्ये लिहिलेल्या दीडशे पानांच्या त्या प्रबंधाचा जाहीर बचाव झाला. प्रबंधाला मिळालेली श्रेणी एवढी खालची होती की विद्यापीठात शिकवण्याची वाट त्यामुळे जवळपास बंद झाली. रसायनशास्त्रज्ञांना तो भौतिकशास्त्राचा वाटला, भौतिकशास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचा.

अऱ्हेनियसने प्रबंधाच्या प्रती परदेशातल्या नामवंतांना पाठवल्या. त्यांतली एक रीगाच्या पॉलिटेक्निकमध्ये विल्हेल्म ओस्टवाल्डच्या हाती पडली. तीस वर्षांचा हा रसायनशास्त्रज्ञ कित्येक वर्षे आम्लांच्या प्रबळतेचे कोडे सोडवत होता. वेगवेगळ्या आम्लांच्या सान्निध्यात उसाची साखर किती वेगाने बदलते, हे मोजून त्याने आम्लांची उतरंड लावली होती. आता त्याने तीच आम्ले घेऊन त्यांची वाहकता मोजली. दोन्ही उतरंडी जुळल्या. साखरेवरचा परिणाम आणि विजेचे वहन यांचा एकमेकांशी वरकरणी संबंध काय? तरी आकडे हातात हात घालून चालत होते. ओस्टवाल्ड ऑगस्टमध्ये स्वतः उप्सालाला आला आणि त्याने अऱ्हेनियसला रीगात जागा देऊ केली. परक्या देशातून असे बोलावणे आल्यावर उप्सालानेही वर्ष संपायच्या आत त्याला अध्यापनाचे पद दिले.

1886 साली अकादमीच्या प्रवासवृत्तीवर अऱ्हेनियस बाहेर पडला. रीगात ओस्टवाल्डकडे, मग वुर्झबुर्गला कोलराउशकडे. तिथे त्याच्या वाचनात अॅमस्टरडॅमच्या याकोबुस व्हांट हॉफचे संशोधन आले, आणि सगळे चित्र पालटले.

व्हांट हॉफ विजेबद्दल काहीच बोलत नव्हता. त्याचा विषय होता परासरण. पाणी आत सोडणाऱ्या पण साखर बाहेर जाऊ न देणाऱ्या पडद्याआड साखरेचे द्रावण ठेवले, की आत दाब निर्माण होतो. विल्हेल्म फेफरने वनस्पतिशास्त्राच्या ओढीने 1877 साली हे दाब मोजून ठेवले होते. व्हांट हॉफने दाखवले की हा दाब वायूंच्या नियमाने चालतो. विरघळलेल्या कणांची संख्या जेवढी, तेवढा दाब. साखर आणि युरिया नियम तंतोतंत पाळत होते. क्षार, आम्ले आणि अल्कली मात्र पाळत नव्हती. त्यांचा दाब हिशेबापेक्षा दीडपट, दुप्पट भरे. व्हांट हॉफने समीकरणात ‘आय’ हा गुणक घालून ती तूट भागवली, पण तो गुणक कुठून येतो, याचे कारण त्याच्याजवळ नव्हते. असेच विचित्र वर्तन फ्रान्सुआ राऊलने ग्रेनोबलला गोठणबिंदूंच्या मोजमापांत नोंदवले होते. एक किलो पाण्यात एक मोल साखर विरघळवली तर पाणी सुमारे 1.86 अंशांनी खाली गोठते. एक मोल मीठ घातले तर ही घट जवळजवळ दुप्पट होते.

अऱ्हेनियसला हा गुणक ओळखीचा वाटला. कण दुप्पट झाले, तर प्रत्येक मिठाचे दोन तुकडे झाले असले पाहिजेत. आणि दोन तुकडे झालेच असतील, तर किती प्रमाणात, हे त्याच्या वाहकतेच्या आकड्यांतून स्वतंत्रपणे काढता येत होते. 1887 मध्ये ओस्टवाल्ड आणि व्हांट हॉफ यांनी सुरू केलेल्या भौतिक रसायनशास्त्राच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्याचा लेख आला. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांच्या विचरणावरचा, म्हणजे त्यांचे आयन सुटे होण्यावरचा, हा लेख म्हणजे मुख्यतः एक तक्ता आहे. प्रत्येक पदार्थापुढे गुणकाच्या दोन किमती आहेत. एक गोठणबिंदूवरून काढलेली, दुसरी वाहकतेवरून. पोटॅशियम क्लोराइडपुढे 1.82 आणि 1.86. ॲसिटिक आम्लापुढे 1.03 आणि 1.01. काही क्षारांत, विशेषतः मॅग्नेशियम सल्फेटमध्ये, दोन आकड्यांत बरीच तफावत होती, आणि तीही त्याने लपवली नाही. पण एकूण तक्ता पाहिला की योगायोग म्हणून तो झटकून टाकता येत नव्हता. बर्फाच्या कणांकडे डोळे लावून घेतलेली नोंद आणि टेलिफोनच्या आवाजाकडे कान लावून घेतलेली नोंद एकच गोष्ट सांगत होत्या. मिठाचे आयन विजेने होत नाहीत. मीठ पाण्यात पडल्याबरोबर होतात. वीज फक्त आधीच सुट्या झालेल्यांना दिशा देते.

यावर उठलेले आक्षेप आज शाळकरी वाटतात, पण त्या काळात ते अगदी रास्त होते. सोडियम धातू पाण्यात टाकला की भडका उडतो. मग मिठाच्या पाण्यात सुटा सोडियम शांत कसा राहील? क्लोरीन हिरवट आणि घुसमटवणारा वायू आहे. मिठाच्या पाण्याला रंग नाही, तसला वास नाही. अऱ्हेनियसचे उत्तर होते की विद्युतभार असलेला अणू आणि नसलेला अणू हे वेगळे पदार्थ आहेत. पण इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून दहा वर्षे होती. अणूवर भार बसतो म्हणजे काय होते, हे दाखवायला त्याच्या हाती काहीच नव्हते. शिवाय ज्या संयुगाचे घटक इतक्या जोराने एकत्र येतात, ते नुसत्या पाण्याने कसे सुटावे?

रशियात मेंडेलेव्ह विरोधात होता. विरघळणे म्हणजे पाण्याशी रासायनिक संयोग होणे, अशी त्याची धारणा होती. इंग्लंडमध्ये हेन्री आर्मस्ट्राँग आणि स्पेन्सर पिकरिंग यांचेही मत असेच होते. 1890 मध्ये लीड्स इथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात ओस्टवाल्ड आणि व्हांट हॉफ स्वतः हजर राहिले आणि दोन्ही पक्षांची समोरासमोर चर्चा झाली. या विरोधकांचे म्हणणे निव्वळ हेकेखोरीचे नव्हते. विरघळण्यात पाण्याचा स्वतःचा सहभाग असतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती, आणि अऱ्हेनियसच्या सिद्धांतात पाणी म्हणजे जवळपास रिकामी जागा होती. या बाबतीत काळाने त्यांना बरेचसे खरे ठरवले.

तरीही सिद्धांत पुढे सरकत राहिला, कारण त्याने जुनी कोडी सोडवली. कोणतेही प्रबळ आम्ल आणि कोणतीही प्रबळ अल्कली घ्या, त्यांच्या उदासिनीकरणात दर मोलला बाहेर पडणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते, सुमारे 57 किलोज्यूल. हायड्रोक्लोरिक असो की नायट्रिक, सोडा असो की पोटॅश. वेगवेगळे पदार्थ, वेगवेगळे क्षार, मग उष्णता एकच का? अऱ्हेनियसच्या मते बाकीचे आयन आधीही सुटे होते आणि नंतरही सुटेच राहतात. प्रत्यक्षात घडते ते एवढेच की हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होते. क्रिया एकच, म्हणून उष्णता एकच. 1888 साली ओस्टवाल्डने विचरणाला रासायनिक समतोलाचा नियम लावला आणि ॲसिटिक आम्लासारख्या दुर्बल आम्लांत तो अचूक उतरला.

पहिले रसायनशास्त्राचे नोबेल 1901 मध्ये व्हांट हॉफला मिळाले. 1903 चे अऱ्हेनियसला, स्वीडनमध्ये आलेले पहिले नोबेल. त्या वेळी रसायनशास्त्राच्या नोबेल समितीत क्लीव्ह होता, आणि ज्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाला एकेकाळी उप्सालाने इतके कमी लेखले, त्याचा सन्मान क्लीव्हच्या हयातीत आणि संमतीने झाला. ओस्टवाल्डचे नोबेल 1909 मध्ये आले.

खरी अडचण सिद्धांताच्या आतच होती. ओस्टवाल्डचा नियम दुर्बल आम्लांना लागू पडे. पण मीठ, पोटॅशियम क्लोराइड, हायड्रोक्लोरिक आम्ल यांना काही केल्या लागू पडेना. ज्या मिठापासून सगळी कथा सुरू झाली, तेच हिशेबात बसत नव्हते. 1913 मध्ये लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली आणि गुंता कुठे आहे ते दिसले. स्फटिकात मिठाचा रेणू असा नसतोच. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, आणि दोन्ही भारित. अऱ्हेनियस ज्या अखंड रेणूंचे काही टक्के फुटतात असे मानत होता, ते मिठात मुळात नव्हतेच. आयन कोरड्या मिठातही होते. पाणी त्यांना जन्म देत नाही, मोकळे करते.

मग पाण्यात ते पूर्णच सुटे होत असतील, तर संहत द्रावणात वाहकता कमी का होते? 1918 मध्ये कोलकात्याच्या विज्ञान महाविद्यालयातल्या चोविशीच्या ज्ञानेंद्रचंद्र घोष यांनी लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर मांडले. प्रफुल्लचंद्र रायांच्या या विद्यार्थ्याने मिठासारखे क्षार संपूर्ण विचरित असतात असे धरले आणि त्यांच्या आयनांमधल्या विद्युत आकर्षणाचा हिशेब केला. द्रावणातही आयन स्फटिकासारख्या जाळीत मांडलेले असतात, हे त्यांचे गृहीतक टिकले नाही. पण प्रश्न त्यांनी योग्य जागी नेला होता. पाच वर्षांनी, 1923 मध्ये, झुरिकच्या पेटर डेबाय आणि एरिक ह्युकेल यांनी याच प्रश्नावर लेख लिहिला, तेव्हा घोष यांच्या पद्धतीची चिकित्सा करूनच ते पुढे गेले. त्यांनी जाळी काढून टाकली. उष्णतेने सतत भिरभिरणाऱ्या आयनांत प्रत्येक धनायनाभोवती सरासरीने थोडे जास्त ऋणायन जमतात आणि हा घोळका त्याची चाल रोखतो. संहत द्रावणात आयन कमी नसतात, सावकाश चालतात. घोष पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालकही.

पाण्याचा वाटाही आता आकड्यांत मांडता येतो. एक मोल मिठाच्या स्फटिकातले आयन परस्परांपासून पूर्ण दूर करायला सुमारे 787 किलोज्यूल ऊर्जा लागते. मीठ वितळवायचे तरी 801 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. पाणी हे काम खोलीच्या तापमानाला करते, कारण त्याच्या रेणूचे ऑक्सिजनचे टोक सोडियमला आणि हायड्रोजनचे टोक क्लोराइडला बिलगते, आणि या बिलगण्यातून जवळजवळ तेवढीच ऊर्जा परत मिळते. शिवाय पाण्यात दोन भारांमधले आकर्षण निर्वातातल्याच्या सुमारे ऐंशीव्या हिश्श्यावर येते. जमाखर्चात दर मोलला चारएक किलोज्यूल कमी पडतात, म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित थंड होते. मेंडेलेव्ह आणि आर्मस्ट्राँग ज्या पाण्यासाठी भांडत होते, ते असे परत कथेत आले.

आर्मस्ट्राँगला मात्र हे मान्य नव्हते. ऑक्टोबर 1927 मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्याने ‘नेचर’मध्ये पत्र लिहून बिचाऱ्या मिठाची बाजू घेतली आणि रेणू नसलेल्या स्फटिकाची कल्पना धुडकावली. त्याच महिन्याच्या 2 तारखेला स्टॉकहोममध्ये अऱ्हेनियसचे निधन झाले.

महाराष्ट्रात बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात या कथेतले काही प्रमुख लोक भेटतात. व्हांट हॉफचा गुणक द्रावणांच्या प्रकरणात, अऱ्हेनियस आणि ओस्टवाल्ड आयनिक समतोलात, कोलराउश विद्युतरसायनशास्त्रात. तीन प्रकरणांत ते वेगवेगळे शिकवले जातात आणि वेगवेगळी गणिते म्हणून सोडवले जातात. 1887 च्या त्या तक्त्याचा जोर मात्र दोन रकाने शेजारी असण्यात होता, आणि वर्गात फळ्यावर एकदा तरी गोठणबिंदूचा आकडा व वाहकतेचा आकडा शेजारी मांडले, तर आयन आहेत हे पुस्तकावर विश्वास न ठेवताही विद्यार्थ्यांना स्वतः पडताळून पाहता येईल.